आमवात आणि बेळगाव सीमाभागाचे ऋतू: मिरगापासून वैशाखापर्यंत काय सांभाळायचं

जून लागला की खानापूर, जांबोटी भागात आमवाताच्या माणसांची बोटं आखडतात, हे घरातल्या सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यामुळे बोटं सुजली तरी "पावसाचं दुखतंय, दिवाळीपर्यंत उतरेल" असं म्हणून दवाखाना पुढे ढकलला जातो. सांध्यांचं खरं नुकसान या ढकलण्यात होतं. हवेनं दुखणं वाढतं, यात खोटं काही नाही. पण सांध्याच्या आत हाड कुरतडण्याचं काम हा आजार ऊन-पाऊस न बघता बारा महिने करतो. दुखण्यात हवेचा वाटा किती आणि आजाराचा किती, हे घरच्या घरी कसं ओळखायचं आणि आपल्या भागातल्या प्रत्येक हंगामात औषध, काम आणि तपासण्या कशा सांभाळायच्या, ते इथे क्रमानं लिहितो आहे.

हा लेख आमवाताबद्दल आहे, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्याबद्दल. वयानुसार गुडघे झिजतात तो आजार वेगळा. आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावरच उलटते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि शेजारचं हाड व कूर्चा खाऊ लागतं. बहुतेक वेळा सुरुवात हाताच्या बोटांची मुळं, मनगटं आणि पायाची पुढची बोटं इथून होते, आणि तीही दोन्ही बाजूंना. सकाळी उठल्यावर हात अर्धा तास, तासभर, कधी त्याहून जास्त वेळ आखडलेले राहतात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार दोन ते तीन पट जास्त दिसतो. हाडाची झीज बऱ्याच जणांत पहिल्या दोन वर्षांतच एक्स-रेमध्ये दिसू लागते, म्हणून पहिले काही महिने सर्वात मोलाचे. "एक पावसाळा बघू" म्हणून थांबलं तर तेच महिने हातचे जातात.

हवेबद्दल अभ्यास काय सांगतात

इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठाच्या पुढाकारानं झालेल्या एका अभ्यासात जुनाट दुखण्याच्या 2,658 लोकांनी मोबाईलवर रोज आपलं दुखणं नोंदवलं. त्यांच्या त्या दिवसाच्या हवामानाशी ते ताडून पाहिलं गेलं. 2019 साली निकाल आला. हवेत दमटपणा जास्त, दाब कमी आणि वारा जोराचा असेल, तर त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त दुखण्याची शक्यता सुमारे 20 टक्क्यांनी वाढत होती. आपल्याकडे आषाढात नेमकी अशीच हवा असते. उलट अमेरिकेत 65 वर्षांवरच्या लोकांच्या 1 कोटी 10 लाखांहून जास्त दवाखान्याच्या भेटी तपासल्या (2017), तर पावसाच्या दिवशी सांधे किंवा पाठ दुखते म्हणून आलेल्यांचं प्रमाण 6.35 टक्के आणि कोरड्या दिवशी 6.39 टक्के निघालं. फरक नाहीच म्हटलं तरी चालेल.

मला दोन्ही निकाल एकमेकांच्या विरोधात वाटत नाहीत. हवेचा परिणाम असतो, पण तो लहान असतो आणि माणसागणिक बदलतो. दवाखाना गाठायला लागावा इतका तो सहसा नसतो. म्हणून केवळ हवेमुळे हात दहा दिवस सुजून राहिले, असं कुणी म्हणत असेल तर ते पटवून घेऊ नका.

टोकियोतल्या आमवाताच्या रुग्णांच्या नोंदींत आजाराचा जोर वसंतात सर्वात जास्त आणि शरदात सर्वात कमी दिसला होता. ते ऋतू आपले नव्हेत, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा उचलून बेळगावला लावता येणार नाही. आफ्रिकेतल्या गांबिया देशातली माहिती आपल्याला जास्त जवळची आहे. तिथेही जून ते ऑक्टोबर पावसाळा असतो. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या लोकांच्या रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींचं प्रमाण पावसाळ्यात बदलताना दिसलं. पावसाळ्यात डास आणि रोगजंतू वाढतात, शरीर त्यांच्याशी झुंजत असतं, आणि ही झुंज आमवाताच्या माणसाला महागात पडू शकते. माझ्या मते आपल्या भागात ऋतूचा सर्वात मोठा फटका थंडी-ओलीचा नसतो. पावसाळ्यातले ताप, तुटलेली औषधं आणि हंगामी कामाचा ताण या तीन वाटांनी तो बसतो, आणि तिन्हींवर आपल्याला काही ना काही करता येतं.

पायरी पहिली: वही ठेवा

शाळेची जुनी वही चालेल. रोज लिहायची गरज नाही, आठवड्यातून दोनदा पुरे. दिवस ठरवून घ्या, म्हणजे चुकणार नाही. चार गोष्टी लिहायच्या. सकाळी हात मोकळे व्हायला किती मिनिटं लागली, दुखणं शून्य ते दहामध्ये किती, कुठले सांधे सुजलेत, आणि त्या दिवशी हवा कशी होती.

सूज डोळ्यांनी लवकर दिसत नाही, म्हणून रोजच्या वस्तूंवरून ओळखा. आमच्या आत्या बांगड्यांवरून सांगायच्या. हातातली काचेची बांगडी मनगटाजवळ सहज फिरते की रुतते, एवढं त्या सकाळी बघायच्या. बांगडी फिरत असेल तर "आज नुसतं दुखतंय", रुतत असेल तर "आज सुजलंय". कुणाची अंगठी असेल, कुणाच्या घड्याळाचा पट्टा. दुसरी परीक्षा मुठीची. पहाटे उठल्यावर बोटांची टोकं तळहाताला टेकतात का, आणि नाही टेकली तर किती अंतर राहतं? तिसरी परीक्षा म्हणजे बोटांच्या मुळांवर, हस्तांदोलन करताना दाबतो तसं, दुसऱ्या हातानं हलकेच दाबून बघायचं. दाबल्यावर कळ आली तर लिहून ठेवा. पाण्यानं भरलेला तांब्या एका हातानं उचलता येतो का, हेही बघण्यासारखं आहे.

डॉक्टर जो हिशेब करतात त्यात 28 सांधे येतात: दोन्ही खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे आणि हाताच्या बोटांचे वीस सांधे. पाऊल त्यात धरलेलं नाही. शेतात उभं राहणाऱ्या माणसाचा आजार मात्र बऱ्याचदा पावलातच जास्त असतो. म्हणून वहीत पायाच्या बोटांना वेगळी ओळ द्या आणि डॉक्टरांना चप्पल काढून पाय दाखवा.

पायरी दुसरी: हवेचं दुखणं की आजाराचा भडका

वहीत महिन्याभराच्या नोंदी झाल्या की हा निवाडा सोपा होतो. ढग दाटले, दुखणं दोन-तीन आकड्यांनी वाढलं, सकाळची आखड दहा-वीस मिनिटांनी लांबली, पण सूज नाही, सांधा गरम लागत नाही आणि दोन-तीन दिवसांत जागेवर आलं, तर ते हवेचं. ऊब, थोडी हालचाल, गरज पडली तर डॉक्टरांनी ठरवून दिलेली वेदनाशामक गोळी, एवढ्यावर भागतं.

सूज आली, सांधा हाताला गरम लागतो, आखड तासाभराच्या पुढे गेली, एकाच वेळी बरेच सांधे धरले, अंगात त्राण नाही, आणि हे आठवडाभर तसंच राहिलं, तर हा आजाराचा भडका. बाहेर पाऊस पडत असो वा नसो. अशा वेळी सीआरपी आणि ईएसआर या अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या करून डॉक्टरांना गाठायचं. नुसत्या हवेनं सीआरपी चढत नाही, म्हणून ही तपासणी निवाड्याला फार उपयोगी पडते. फक्त ताप किंवा दुसरा संसर्ग असतानाही ती चढते, हे ध्यानात असू द्या.

इथे एक फसवी गोष्ट सांगायलाच हवी. आमवाताचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. त्याचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. जूनमध्ये दुखणं वाढलं म्हणून कुणी औषध सुरू केलं, तर फरक पडतो ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात. नेमकी त्याच वेळी उघडीप होते, ऊन पडायला लागतं. श्रेय उन्हाला जातं आणि "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या बंद होतात. पुढे दोन-तीन महिन्यांत भडका उडाला की दोष थंडीला. हे चक्र मी अनेक घरांत पाहिलं आहे. आजार काबूत असताना औषध कमी करायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतात, हवामान बघून आपण नाही.

पायरी तिसरी: मिरगाच्या आधीची तयारी

शेतकरी बी-बियाणं, खत, घराची कौलं हे सगळं मिरगाच्या आधी बघून ठेवतो. आमवाताची तयारीही मे महिन्यातच करायची. कणकुंबी, आमगाव हा कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी एक. तिथे वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, बेळगाव शहरात बाराशे-तेराशेच्या आसपास, आणि पूर्वेला अथणीकडे त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे अथणीच्या माणसाला पावसाळा म्हणजे चार ढगाळ दिवस आणि खानापूरच्या पश्चिमेकडच्या माणसाला चार महिने ओल. निपाणी-चिकोडीकडे वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा फुगल्या की पूल पाण्याखाली जातात. 2019 च्या ऑगस्टमधला पूर तर कुणी विसरलेलं नाही.

म्हणून पहिली गोष्ट, दोन महिन्यांची औषधं घरात आणून ठेवा. गोळ्या त्यांच्या पाकिटातून काढून कागदात गुंडाळू नका, पावसाळी हवेत त्या ओल धरतात. घट्ट झाकणाच्या डब्यात पाकिटासकट ठेवा. चुलीजवळ नको, न्हाणीजवळही नको. कुणाला आमवाताचं बायोलॉजिक प्रकारचं इंजेक्शन चालू असेल तर ते 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. वीज जाऊन बराच वेळ आली नाही तर काय करायचं, शेजारी फ्रिज कुणाकडे आहे, हे आधीच विचारून ठेवा.

दुसरी गोष्ट रक्ततपासणी. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यानं रक्तपेशी, यकृत आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) सुरुवातीला दर चार-आठ आठवड्यांनी आणि नंतर साधारण तीन महिन्यांनी बघायचं असतं. मे अखेरीस एकदा करून घेतलं तर ऐन जुलैत नदी ओलांडून जावं लागत नाही.

तिसरी गोष्ट लस. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, एक लहान लाट थंडीत. म्हणून लस एप्रिल-मे मध्ये घेतलेली चांगली. न्यूमोनियाच्या लशीबद्दलही त्याच भेटीत विचारा. आजार काबूत असेल तर फ्लूच्या लशीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवायला काही डॉक्टर सांगतात. ते स्वतःच्या मनानं करू नका. जिवंत जंतूंच्या लशी मात्र ही औषधं चालू असताना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

आणि चौथी गोष्ट, जी मी प्रत्येकाला हात धरून सांगतो. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्यास रक्तपेशी कोसळतात, तोंडात फोड येतात, जीव जातो. घरात वाचणारं माणूस दुसरं असेल, चिठ्ठी इंग्रजीत आणि औषधाच्या दुकानातली सूचना कन्नडमध्ये असेल, तर ही चूक सहज होते. एक वार ठरवा. समजा मंगळवार ठरला, तर कॅलेंडरवर प्रत्येक मंगळवारी खूण करा आणि डब्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत "फक्त मंगळवारी" लिहा. याच्याबरोबर देतात ती फॉलिक अ‍ॅसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या दुसऱ्या वारी.

पायरी चौथी: पावसाळ्यातलं काम आणि ऊब

भाताची रोप लावण हे आमवाताच्या बाईसाठी वर्षातलं सर्वात कठीण काम. दिवसभर थंड चिखलात पाय, कमरेत वाकलेलं अंग आणि रोप रोवताना अंगठा व दोन बोटांची तीच ती हालचाल. मनगट आणि बोटांची मुळं यात सुजतात. "काम बंद करा" असा सल्ला द्यायला सोपा आहे, पण लावणीला बाई मिळत नाही आणि घरचं शेत पडून राहत नाही. म्हणून कामाची वाटणी बदला. आमवाताच्या माणसाकडे रोपांच्या पेंढ्या पोचवणं, मोजदाद, न्याहारी हे द्या, किंवा अर्धा दिवस लावणी आणि तासाभरानं दहा मिनिटं कोरड्या बांधावर बसणं. सांधे सुजलेले असतील त्या दिवशी लावणी नाहीच. पायात घट्ट रबरी बूट, आत सुती मोजे, आणि घरी आल्यावर ओले मोजे ताबडतोब बदलणं. अंगावर खोळ असली तरी आतले कपडे घामानं भिजतात, तेही बदला.

सकाळच्या आखडीवर सर्वात स्वस्त उपाय गरम पाणी. बंब पेटलेला असतोच. बादलीत हाताला सोसेल इतकंच गरम पाणी घेऊन मनगटापर्यंत हात बुडवा, दहा-पंधरा मिनिटं. पाण्यातच मूठ उघड-मिट करा, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावा, मनगट वर-खाली करा. मीठ टाकलं नाही तरी चालतं, काम उबेचं आहे. पण सांधा लाल, गरम आणि सुजलेला असेल तर त्याला शेक नको. फडक्यात गुंडाळून थंड पट्टी दहा मिनिटं. हा फरक लोकांना माहीत नसतो आणि सुजलेल्या गुडघ्यावर गरम विटेचा शेक देऊन दुखणं वाढवून बसतात. बोटांना बधिरपणा असेल तर गरम पाणी आधी दुसऱ्याला हात घालून बघायला सांगा.

चार महिने बाहेर फिरणं थांबतं, आणि न चालल्यानं सांधे अजून आखडतात. बांधावरून घसरण्यापेक्षा सोप्यात फेऱ्या मारा. भिंतीला टेकून उठ-बस करा, खांदे वर घ्या. सुजेच्या दिवशी सांधा त्याच्या मर्यादेत हळू हलवायचा, जोर लावायचा नाही.

पायरी पाचवी: पावसाळ्यातले ताप

या पायरीवर थोडं जास्त थांबायला हवं, कारण इथे चूक महाग पडते.

2006 साली कर्नाटकात चिकुनगुनियाची प्रचंड साथ आली होती, संशयित रुग्णांची संख्या लाखांत गेली होती. तेव्हापासून पावसाळ्यानंतर सांधे धरलेली माणसं आपल्याकडे दिसतातच. चिकुनगुनियाचं दुखणं दिसायला हुबेहूब आमवातासारखं असतं: दोन्ही हात, मनगटं, घोटे, सकाळची आखड. काही जणांत ते महिनोन्‌महिने टिकतं. त्यामुळे दोन्ही बाजूंनी घोटाळा होतो. कुणाला आमवात असतो आणि "चिकुनगुनियाचं राहिलंय" म्हणून वर्ष निघून जातं. कुणाला चिकुनगुनिया असतो आणि घाईनं आमवात ठरवला जातो. ओळखायच्या खुणा अशा. सुरुवातीला अचानक मोठा ताप आणि कधी अंगावर पुरळ आलं होतं का? घरात, गल्लीत आणखी कुणाला तसंच झालं का? चिकुनगुनियाची आयजीएम ही रक्ततपासणी ताप येऊन पाच-सहा दिवस झाल्यावर उपयोगी पडते. अँटी-सीसीपी ही आमवाताची तपासणी चिकुनगुनियात बहुतेक वेळा निगेटिव्ह येते. तापानंतर सहा आठवडे उलटले आणि सूज तशीच असेल, तर सांधेतज्ज्ञाला दाखवायचंच.

आता, आधीपासून आमवात असलेल्या माणसाला ताप आला तर? डेंग्यू नाही हे कळेपर्यंत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन अशा गोळ्या घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो. पॅरासिटामॉल घ्या. जोराचा ताप असेल किंवा अँटिबायोटिक लागलं असेल, तर मेथोट्रेक्सेट आणि आमवाताचंच दुसरं औषध लेफ्लुनोमाइड बरं होईपर्यंत थांबवायला डॉक्टर सांगतात. फोन करून विचारा. एक आठवडा चुकल्यानं आजार हाताबाहेर जात नाही. पण स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर ती एकदम कधीही बंद करायची नाही, आजारपणात तर मुळीच नाही. तापासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर "मला मेथोट्रेक्सेट चालू आहे" हे पहिलं वाक्य असू द्या. कोट्रायमोक्साझोल नावाचं अँटिबायोटिक या औषधाबरोबर दिलं गेलं तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात.

जुलाब-उलट्यांचंही तसंच. शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड मेथोट्रेक्सेट नीट बाहेर टाकू शकत नाही आणि ते अंगात साठतं. ओआरएस सुरू करा आणि त्या आठवड्याचा डोस विचारल्याशिवाय घेऊ नका. विहिरीचं, बोअरचं पाणी उकळून प्या. भातशेतीच्या पाण्यात पायाला जखम असताना उतरू नका. अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गात कावीळ होऊ शकते आणि यकृतावर आधीच लक्ष ठेवावं लागणाऱ्या माणसाला ती झेपत नाही.

पायरी सहावी: श्रावण ते तुळशीचं लग्न

श्रावणातले उपास धरायला हरकत नाही, पण वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका आणि पाणी तोडू नका. निर्जळी उपास औषधं चालू असताना टाळलेला बरा. नवरात्रात अनवाणी चालायचा नेम अनेक घरांत आहे. पावलांचे सांधे सुजलेले असतील तर देवीपुढे तसं सांगून मऊ चप्पल घाला. आईला लेकराचे पाय मोडलेले आवडत नाहीत.

तुळशीचं लग्न झालं की लगीनसराई सुरू होते. घरात आमवाताची तरुण मुलगी किंवा सून असेल तर हे आधी बोलायला हवं. मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड गर्भाला घातक असतात. दिवस राहण्याच्या बऱ्याच आधी ती बदलावी लागतात. मेथोट्रेक्सेट सहसा तीन महिने आधी थांबवतात आणि त्याऐवजी चालणारी औषधं असतात. आजार लपवून लग्न लावणं आणि मग सासरी गोळ्या चोरून खाणं किंवा सोडून देणं, यात त्या मुलीचे हात जातात.

पायरी सातवी: सुगी आणि थंडी

सुगीला विळा, नंतर ऊसतोडीला कोयता. हंगामाच्या कामानं मनगट ठणकतं ते वेगळं आणि सूज वेगळी, वहीत दोन्ही वेगळं लिहा. विळ्याच्या मुठीला जुनी सायकलची ट्यूब किंवा फडकं गुंडाळून ती जाड करा. बारीक मूठ घट्ट धरावी लागते आणि तोच ताण बोटांच्या मुळांवर येतो. लाटणं, पळी, झाडू यांनाही हाच उपाय लागू आहे. कळशी कमरेवर घ्या, बोटांवर लटकवू नका.

पौषात बेळगावात पहाटे पारा बारा-चौदा अंशांपर्यंत उतरतो. रात्रीच्या उत्तरार्धात शरीरात सूज वाढवणारी रसायनं तशीही जास्त असतात, त्यात हा गारठा, म्हणून सकाळ जड जाते. उठण्याआधी अंथरुणातच पाच मिनिटं हात-पाय हलवा. रात्री सुती मोजे घाला. पहाटेची कामं थोडी उशिरा लावून घ्या. बोटं थंडीत पांढरी, मग निळी पडत असतील तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा. शेकोटीपुढे बसताना धुरापासून दूर बसा, आमवात फुफ्फुसांनाही धरतो.

कोवळं ऊन घ्या, ते फुकट आहे. पावसाळ्यात चार महिने ढग आणि बायका घरात, त्यामुळे ड जीवनसत्त्व कमी निघणं अगदी नेहमीचं. अमेरिकेत 25,871 लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत (2022) रोज 2000 युनिट ड जीवनसत्त्व सुमारे पाच वर्षं घेणाऱ्यांत स्वप्रतिकारक आजार (आमवातासारखे, शरीर स्वतःवरच उलटतं असे) नव्यानं होण्याचं प्रमाण 22 टक्क्यांनी कमी दिसलं. झालेला आमवात त्यानं बरा होतो असा त्याचा अर्थ नाही. एकदा तपासून घ्या. 60,000 युनिटची पुडी आठवड्याची असते, रोज खायची नसते.

पायरी आठवी: उन्हाळा

उन्हाळ्यात बहुतेकांना हलकं वाटतं. याच काळात औषध सुटतं, तपासणी चुकते. त्याखेरीज सांभाळायचं ते पाणी. ऊन, घाम आणि वेदनाशामक गोळ्या हे तिन्ही मिळून मूत्रपिंडाला जड जातात. वळिवाच्या आधीच्या उकाड्यात दुखणं वाढलं तर घाबरू नका, वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच महिन्याशी ताडून बघता येईल.

बारा महिन्यांचा शत्रू

आमवात होण्याची आणि वाढण्याची सर्वात पक्की ठरलेली बाहेरची कारणं शोधली तर तंबाखूचा धूर वरच्या जागी येतो. निपाणी परिसर बिडीच्या तंबाखूसाठी देशभर प्रसिद्ध, 1981 साली तिथल्या तंबाखू शेतकऱ्यांचं मोठं आंदोलनही झालं. पोट ज्यावर चालतं त्याबद्दल लिहिताना जड जातं, पण बिडी ओढणाऱ्याला हा आजार जास्त होतो, जास्त जोरात होतो आणि औषधही कमी लागू पडतं. मिश्रीनं हिरड्या खराब होतात आणि हिरड्यांच्या जुनाट आजाराचा आमवाताशी संबंध आढळला आहे, म्हणून दातही दाखवा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत वाळूच्या धुळीत काम करणाऱ्यांनी मास्क लावायलाच हवा. सिलिकाची धूळ हेही आमवाताचं एक माहीत असलेलं कारण आहे.

दही, चिंच, आंबट सोडल्यानं आमवात थांबतो, याला आधार नाही. उगाच जेवण बेचव करू नका. बांगडा, सुकट मिळत असेल तर जरूर खा, नाचणीही ठेवा.

आणि बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या, काळ्या गोळ्या! दोन दिवसांत हात मोकळे होतात, कारण त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, आतला सांधा मात्र खराब होत राहतो. पावसाळ्यात दवाखान्याला जाता येत नाही तेव्हा हीच पुडी हाताशी असते. आत्यांनाही कुणीतरी आणून दिली होती. डॉक्टरांनी पुडी हातात घेऊन विचारलं, "मावशी, यावर औषधाचं नाव कुठाय?" आत्या म्हणाल्या, "नाव कशाला, गुण आला की!" मग डॉक्टरांनी त्यांच्या रक्तातल्या साखरेचा आकडा दाखवला आणि पुडी हळूहळू, डोस उतरवत बंद केली. तुमच्या घरात अशी पुडी चालू असेल तर एकदम फेकू नका, ती घेऊनच डॉक्टरांकडे जा.

दवाखान्याला जाताना

बेळगावचं बिम्स जिल्हा रुग्णालय, केएलईचं रुग्णालय, शिवाय कोल्हापूर, मिरज, हुबळी, गोवा असे आपल्या लोकांचे रस्ते आहेत. दोन राज्यांतल्या दोन डॉक्टरांची दोन औषधं एकावर एक चालू असल्याची उदाहरणं कमी नाहीत. म्हणून फाईल एकच ठेवा आणि ती सगळीकडे न्या. आयुष्मान कार्डाचा मोठा उपयोग भरती झाल्यावर होतो, दर महिन्याच्या गोळ्यांना सहसा नाही. त्यासाठी सरकारी दवाखान्यात आणि जनऔषधी केंद्रात विचारा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे आमवाताचं औषध चालू असेल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी.

काही वेळा मात्र पाऊस, पूर, सुगी काहीही असलं तरी त्याच दिवशी निघायचं. एकच सांधा अचानक लाल, गरम, प्रचंड दुखरा झाला आणि ताप आहे. सुका खोकला आणि दम लागतोय. डोळा लाल होऊन दुखतोय. मान दुखून हातात मुंग्या किंवा अशक्तपणा येतोय. मेथोट्रेक्सेट चालू असताना तोंडात फोड, ताप किंवा अंगावर निळे-काळे डाग आलेत. अशा वेळी कुठली गाडी, कोण सोबत, वरच्या रस्त्याला पाणी असेल तर दुसरा रस्ता कुठला, हे मे महिन्यातच घरच्यांशी बोलून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, औषधांच्या नावांसकट.